दात किती फुटांवर मिळाला

“आज पुन्हा दात,” मागच्या बाकावरून कुजबुज आली. “लिहून देते हवं तर. म्हाताऱ्यानं तपकिरी कोट घातलाय.”

“हळू बोल गं. बायको पुढेच बसलीय.”

“तिला काय त्याचं? पंचावन्न वर्षं ऐकतेय बिचारी. इथे पोटात कावळे ओरडताहेत, आणि यांचा घोडा काही खड्ड्यातून वर येत नाही.”

रीव्हा ऑलरेडने मान वळवली नाही. मांडीवरच्या गीतांच्या पुस्तकाचा दुमडलेला कोपरा ती अंगठ्याने सरळ करत राहिली. तपकिरी कोटाला इस्त्री तिनेच केली होती. शेजारी व्हर्लन बसला होता, आणि त्याच्या खिशातल्या खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत काहीतरी हळूच खुळखुळत होतं. डबीत गोळ्या नव्हत्या.

महिन्याचा पहिला रविवार म्हणजे उपास. काल दुपारपासून अमेरिकेतल्या सॅनपीट खोऱ्यातल्या एकाही मॉर्मन घरात कुणी घास घेतला नव्हता, निदान घेतल्याचं कबूल करणार नव्हतं. अशा रविवारच्या सभेत कुणीही उठून समोर जावं, माइक आपल्या उंचीला आणावा आणि साक्ष द्यावी. साक्षीची सुरुवात ठरलेली. ‘मला ठाऊक आहे.’ ‘मला वाटतं’ म्हणणारा माणूस रीव्हाने या सभागृहात अजून पाहिला नव्हता.

एरवी तिने हाही रविवार ढकलला असता. पण आज शेवटच्या बाकावर, दाराला लागून, केंडल बसला होता. तिचा मुलगा. एकतीस वर्षांनी.

तो आला होता नातवासाठी. त्याच्या मुलीच्या, मॅरिनच्या बाळाला आज आशीर्वाद होता. अर्ध्या तासापूर्वी सात पुरुष समोर गोल करून उभे राहिले होते, एक हात बाळाखाली, दुसरा शेजाऱ्याच्या खांद्यावर. बाळाला हलकेच झुलवत त्यांनी त्याचं नाव ठेवलं, ब्रॅक्सन. रीव्हाला ते इंजिनाच्या तेलाचं नाव वाटलं होतं, पण ती कुणाला बोलली नव्हती. न बोलण्याची तिला सवय होती.

“बाबा, नुसतं उभं राहा ना गोलात,” मॅरिनने सकाळी अंगणात केंडलची विनवणी केली होती. “बिशपची हरकत नाहीये.”

“ज्यांना सगळं ठाऊक आहे त्यांनी उभं राहावं, बाळा. मी मागून बघतो.”

तरीही मॅरिनच्या नवऱ्याने गोलात एक जागा मोकळी ठेवली होती. शेवटी सातही जणांनी खांदे सरकवून ती बुजवली. व्हर्लन सर्वांत शेवटी सरकला.

या खेपेची कटकट गुरुवारी सुरू झाली. बिशप टॉर्गरसन घरी आला. हा गृहस्थ आठवडाभर गावाचे दात काढायचा आणि रविवारी गावाचे आत्मे सांभाळायचा. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि डबीतला दात उलटसुलट केला.

“दाढ आहे. वरची,” तो म्हणाला. “काय ऐवज आहे हो, ब्रदर ऑलरेड! आणि तो आपण डबीत ठेवतो? चोवीस जुलैच्या सणाला प्रदर्शनात काचेच्या पेटीत ठेवू. लोक म्हणतात ना, कोलंबसाच्या आधी हजारो वर्षं अमेरिकेत घोडाच नव्हता, मग तुमच्या धर्मग्रंथात आला कुठून? घ्या म्हणावं. दात मोजा.”

“हं,” व्हर्लन म्हणाला.

“सिस्टर, कार्ड तुम्ही टाइप करा. तुमच्यासारखं नेटकं कुणाला जमतं? ठिकाण, साल आणि खोली. हल्लीच्या पोरांना आकडे लागतात. दहा फूट ना?”

व्हर्लनने टेबलावर नसलेले पावाचे कण गोळा केले. “खड्डा दहा फूट होता.”

“मग झालं तर!”

बिशपची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत रीव्हा थांबली. मग तिने कोरं कार्ड नवऱ्यापुढे ठेवलं.

“काय टाइप करू मी?”

“कार्ड बिशपला हवंय. बिशपला विचार.”

“बिशप होता का चियापासला? तो तेव्हा जन्माला तरी आला होता का?”

“माझी पाण्याची पाळी आहे,” व्हर्लन म्हणाला, आणि फावडं घेऊन मागच्या दाराने निघून गेला. पाण्याची पाळी शुक्रवारी होती. तो वाळलेल्या पाटाकाठी तासभर उभा राहिलेला तिला खिडकीतून दिसला. कुणावर ओरडावं तेही तिला कळेना, म्हणून तिने एक धुतलेलं पातेलं पुन्हा धुतलं.

ते कार्ड आत्ता तिच्या पर्समध्ये होतं. ठिकाण: चियापास, मेक्सिको. साल: १९६४. खोली: आणि पुढे काही नाही.

चौसष्ट साली व्हर्लन अठ्ठावीस वर्षांचा होता. धर्मग्रंथात सांगितलेली प्राचीन अमेरिकेतली नगरं सापडतील म्हणून मोठ्या आशेने माणसं जंगलात गेली होती, त्यांत तो फावड्याला सर्वांत वाकबगार. पाच महिने तो तिकडे होता. दर पंधरवड्याला पोस्टाने वही यायची, चिखलाच्या बोटांचे ठसे असलेली, आणि रीव्हा ती जेवणाच्या टेबलावर टाइप करायची, तीन प्रतींत. केंडल तेव्हा दोन महिन्यांचा. खाली ठेवला की रडायचा, म्हणून मांडीवर. यंत्राच्या खडखडाटात तो छान झोपायचा.

नगरं काही सापडली नाहीत. भांडी सापडली, भिंती सापडल्या, कुणा दुसऱ्याच माणसांचे देव सापडले. आणि एक घोड्याचा दात. मंडळी परत आली, पुढच्या वर्षी गेली नाहीत, आणि व्हर्लन शाळेत भूगोल शिकवू लागला. दात तेवढा गावात राहिला. उन्हाळी शिबिरांत फिरला, धर्मप्रचाराला निघालेल्या प्रत्येक पोराच्या तळहातावर एकदा ठेवला गेला. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. या गावाचं भरत होतं.

केंडलच्याही तळहातावर ठेवला होता. तो दोन वर्षं प्रचाराला जाऊन आला, मग भूगर्भशास्त्र शिकू लागला, आणि एका रविवारी, व्हर्लन घेत असलेल्या मोठ्यांच्या धर्मवर्गात, हात वर करून त्याने साधा प्रश्न विचारला.

“बाबा, खड्डा दहा फूट होता, बरोबर. दात किती फुटांवर मिळाला?”

वर्गात चाळीस माणसं होती. व्हर्लनने फळ्यावरचा खडू उचलला आणि परत ठेवला.

“ज्याचा विश्वास उडालाय,” तो म्हणाला, “त्याला आकडे लागतात.”

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, कॉलेजनं डोकं फिरवलं पोराचं. केंडल खाली बसला नाही, तसाच दाराकडे गेला. नंतर नेवाडाला, सोन्याच्या खाणीत. फोन यायचा तो रविवारी, वडील सभेला गेलेले असताना आणि ती डोकेदुखीचं निमित्त काढून घरी थांबलेली असताना. लग्न झालं, मॅरिन झाली, लग्न मोडलं, सगळं तिने फोनवर ऐकलं.

“देव आहे की नाही हे मी विचारतच नव्हतो गं, आई,” तो एकदा म्हणाला होता. “दहा फुटांवर म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची जमीन. तिथे मिळाला असेल तर बाबांनी जग बदललं. दोन-तीन फुटांवर असेल, तर तो कुणा स्पॅनिश पाद्र्याचा घोडा, जहाजातून आलेला. एवढंच. तुला काही आठवतं का?”

“मला काय कळतं त्यातलं,” ती म्हणाली होती. “मी आपली टाइप करणारी.”

आणि मग तिने हवापाण्याचं विचारलं होतं.

बाकावर हालचाल झाली. व्हर्लन उठत होता. मागून एक सुस्कारा आला, उपाशी आणि मोठा.

तो हळूहळू समोर गेला. माइक खाली घेतला. डबी काढून व्यासपीठाच्या मेजावर ठेवली.

“मला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “एकोणीसशे चौसष्ट साल. चियापासचं जंगल. आमचा खड्डा दहा फूट खोल. आणि त्या खड्ड्यात देवानं माझ्या हातात हा दात ठेवला.”

एकही शब्द खोटा नव्हता. हीच तर रड होती. खड्डा आणि दात यांच्यामधली गाठ व्हर्लनने कधीच मारली नव्हती. ती मारायला ऐकणारे होतेच.

पण एरवी तो यापुढे दात उंच धरून दाखवायचा. आज त्याने डबी उघडली आणि दात बाहेर काढला नाही. शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

“तो दात…” व्हर्लन म्हणाला.

रीव्हाचा अंगठा पुस्तकाच्या कोपऱ्यावर थांबला. मागची कुजबुज थांबली. कुठेतरी उपासाचं वय नसलेल्या एका पोराच्या हातातल्या डब्यातून मक्याच्या पोह्यांचे दोन दाणे फरशीवर पडले, तेसुद्धा ऐकू आले.

“तो दात…” तो पुन्हा म्हणाला. त्याचा श्वास माइकमधून सभागृहभर गेला. दर महिन्याला तो इथपर्यंत येत असेल का, तिच्या मनात आलं. दर महिन्याला, याच शब्दापर्यंत? आणि ती मात्र आपली कोटाला इस्त्री करत होती.

व्हर्लनने डबी मिटली. “आणि मला ठाऊक आहे की आपला ग्रंथ खरा आहे. आमेन.”

“आमेन,” सगळे म्हणाले.

तो येऊन बसला. त्याचे हात मांडीवर उताणे पडले होते, कुणीतरी ठेवून विसरल्यासारखे. बिशप लगेच माइकशी उभा राहिला.

“आभारी आहोत, ब्रदर ऑलरेड. आणि मंडळी, दहा फूट खालून वर आलेला हा दात येत्या चोवीस तारखेला…”

मागे बाक करकरला. रीव्हाने वळून पाहिलं. केंडल उभा राहिला होता, जाकीट हातावर. तो वडिलांकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. रागाने नाही. फोनवर हवापाण्याचं उत्तर देताना त्याचा चेहरा कसा होत असेल, ते तिला पहिल्यांदा दिसलं. मग तो दाराकडे वळला.

एकतीस वर्षं ती या दोघांवर चिडत आली होती, एकाच्या हट्टावर आणि दुसऱ्याच्या मौनावर. शिवणयंत्राच्या खणात, बेतायच्या कागदांखाली, चियापासच्या वह्यांची तिसरी प्रत अजून होती. खणाची किल्ली तिच्याच जुडग्यात होती.

तिने पर्स उचलून व्हर्लनच्या मांडीवर ठेवली.

त्याने पर्सकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग त्याने गुडघे बाजूला घेतले. जायला लागते त्याहून कितीतरी जास्त जागा केली, आणि पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली.

डावा गुडघा दुखत होता. व्यासपीठ एवढं लांब असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. इतक्या वर्षांत ती तिथे एकदाही गेली नव्हती.

“सिस्टर,” बिशप माइकवर हात ठेवून हळूच म्हणाला, “वेळ संपत आलीय. पुढच्या महिन्यात…”

“बाजूला हो, लार्स,” ती म्हणाली. लहानपणी रविवारच्या वर्गात तिनेच त्याला बाकावर गप्प बसायला शिकवलं होतं. तो बाजूला झाला.

समोर दोनशे भुकेले चेहरे होते. मॅरिनने बाळाला खांद्यावर घेतलं होतं. केंडलचा हात दाराच्या आडव्या दांड्यावर होता.

“मला ठाऊक आहे,” रीव्हा म्हणाली, सगळे म्हणतात तसंच.

दांड्यावरचा हात थांबला. पाठ वळली नाही.

“अडीच फूट,” ती म्हणाली. “मीच टाइप केलं होतं, केंडल. तू मांडीवर होतास.”