चाकांच्या खुर्चीतून उठलेली आत्या

मागच्या महिन्यात, खच्चून भरलेल्या स्टेडियममध्ये, मी चमत्काराने बरी झाले. लोक बाकांवर उभे राहून ओरडत होते, ढोल वाजत होते, माझ्या शेजारची एक अनोळखी बाई माझ्या गळ्यात पडून रडली. मला उठता-चालता येत होतंच, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण चमत्कार झालेल्या माणसाचं ऐकतो कोण?

मी जीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका. गुडघा कुरकुरतो म्हणून हातात काठी असते, बाकी जिभेसकट सगळं शाबूत आहे. माझा धाकटा भाऊ एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक, म्हणजे पाद्री. जगाची सुरुवात कशी झाली यावर आमचं लहानपणापासून जमत नाही, जेवणाच्या टेबलावर मात्र जमतं. त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, फिट्स येतात. म्हणजे यायच्या. रोजच्या गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या आणि पोरगी कॉलेजात जायला लागली होती.

त्या दिवशी ती मंडळीच्या गायकांबरोबर स्टेडियमवरच्या प्रार्थनासभेला आधीच गेली होती. मी मागाहून बसने गेले, तिच्यावर लक्ष ठेवायला आणि खरं सांगायचं तर नाक मुरडायला. दारावर दोनच चेहऱ्यांचं भलंमोठं पोस्टर होतं: एक सुवार्तिक, म्हणजे गावोगाव सभा घेणारा धर्मप्रचारक, दुसरा महापौरपदाचा उमेदवार. काठी टेकत मी आत शिरले तोच टाय लावलेला एक स्वयंसेवक धावत आला.

"आई, एवढं लांब कशाला चालता? बसा ना या खुर्चीत, मी नेतो पुढे."

खुर्चीला चाकं होती. उन्हातून आलेल्या म्हातारीला कोणी आदराने बसायला सांगितलं तर ती बसते. मीही बसले. त्याने मला थेट मंचाखाली नेऊन लावलं. तिथे अशा खुर्च्यांची रांगच होती, आणि मागच्या हजारो डोळ्यांना आम्ही सगळे जन्माचे पांगळे दिसत होतो.

सुवार्तिकाने डोळे मिटले. "मला दिसतंय... इथे कोणाची तरी पाठ दुखतेय!" लोखंडी बाकांवर तासन्‌तास बसवलेल्या लोकांत एकाची तरी पाठ दुखतेय, हे ओळखायला दिव्यदृष्टी लागते म्हणे. "इथे कोणाला तरी झोप लागत नाही!" आजूबाजूच्या इमारतींत तर नक्कीच कोणाला लागत नसणार, त्याच्या भोंग्यांमुळे.

मग उमेदवार आला. सुवार्तिकाने त्याच्या डोक्यावर अभिषेकाचं तेल ओतलं. "या शहराने देवाकडे पाठ फिरवली! शाळांतून देव गेला, घरांतून देव गेला! पण प्रभूने आपला माणूस निवडलाय. खूण हवी? याच्या हाताने आज लंगडे चालतील!"

उमेदवार माझ्याच खुर्चीपाशी आला, माझे हात धरले आणि म्हणाला, "ऊठ!"

मी उठले. माझा विचार एवढाच की इथून निघावं. स्टेडियम दणाणलं. मला मंचावर चढवलं, काठी काढून घेतली. मी माइककडे तोंड नेलं तर सुवार्तिकाने माइक उचलला. "आनंदाने ताईंना शब्द सुचत नाहीत!" संतापाच्या भरात मी पायऱ्या काठीशिवाय उतरले.

तेवढ्यात भाची गायकांतून निघून मंचावर पोचली होती.

"काय होतं तुला, मुली?" सुवार्तिकाने विचारलं.

"फिट्स."

"गोळ्या घेतेस? मग तुझा भरवसा कोणावर? गोळीवर, की प्रभूवर?"

तिने पर्समधल्या गोळ्या काढून पुढच्या टोपलीत टाकल्या. टाळ्या पडल्या.

घरी भाऊ डोकं धरून बसला होता. "ताई, त्या उमेदवाराच्या बऱ्याच गोष्टी मला पटतात. कुटुंबं मोडतायत, मुलांना काय शिकवतात ते पाहवत नाही. पण पोरीच्या गोळ्या?"

"मग सांग तिला घे म्हणून."

"सांगितलं. ती म्हणते, बाबा, तुम्ही रोज विश्वासाने आजाऱ्यांसाठी प्रार्थना करता, आणि माझीच वेळ आली की विश्वास संपला?"

मी तिच्या खोलीत गेले. ती शांत होती, त्या शांतपणाचीच मला भीती वाटली.

"आत्या, तू तर देवाला मानतही नाहीस. तरी तू काठीशिवाय उतरलीस. मी पाहिलंय. मी तर मानते."

"अगं, राग आला की माणूस दुखणं विसरतो. शरीर तात्पुरतं दाबून टाकतं ते. हा बघ गुडघा, भोपळ्यासारखा सुजलाय."

"तू शंका घेतलीस म्हणून सुजला."

बरं झालं तर देवामुळे, दुखलं तर तुमच्यामुळे. आयुष्यभर मुलांच्या शंका फेडल्या मी, पण घरच्या पोरीला शंकाच नव्हती.

माझ्या उठण्याचा व्हिडिओ उमेदवाराच्या माणसांनी शहरभर फिरवला. आणि त्याच आठवड्यात भाची स्वयंपाकघरात कोसळली. ओट्याची कड भुवईवर बसली. डॉक्टरांनी टाके घातले आणि बजावलं: गोळ्या अचानक थांबवल्या की फिट्स उलटतात, पुढची थांबलीच नाही तर जीव जाईल. भाचीने फोन करून विचारलं, तर सुवार्तिकाच्या कचेरीतून उत्तर आलं, "सैतान शेवटची धडपड करतोय. आता गोळी घेतलीत तर त्याचा विजय." भाचीने गोळी हातात धरली नाही.

मी भावाकडे गेले. "रविवारी मला साक्ष द्यायची आहे."

त्यांच्या मंडळीची ही रीत आहे. देवाने काही केलं असं ज्याला वाटतं, तो उभा राहून सांगतो, आणि त्याचं संपेपर्यंत कोणी मध्ये बोलायचं नाही, पाळकानेही नाही.

"ताई, साक्षीत खरंच बोलायचं असतं."

"म्हणून तर मागतेय."

चमत्काराची बाई साक्ष देणार हे ऐकून रविवारी उमेदवार स्वतः आला, पहिल्या बाकावर बसला. त्याचा माणूस मोबाइल धरून तयार. भाची भुवईवर पट्टी लावून कोपऱ्यात होती. मी उभी राहिले.

"मी घरून बसपर्यंत चालत गेले. बसमधून उतरून स्टेडियमच्या दारापर्यंत चालत गेले. खुर्ची मला दारात मिळाली. जी खुर्ची त्यांनी दिली, तिच्यातूनच त्यांनी मला उठवलं."

मोबाइल खाली गेला.

"इथले आणखीही काहीजण त्या रांगेत होते. घरून चाकांची खुर्ची घेऊन कोण गेलं होतं?"

म्हातारा शिंपी चाचरत उठला. "मी सायकलवर गेलो होतो. ते म्हणाले, काका, दमलेले दिसता." बेकरीवाल्याची सासू पुटपुटली, "मला वाटलं पुढच्या जागा अशाच असतात." कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

तेव्हा पेटी वाजवणारी बाई बोलली. अपघातानंतर तिचे पाय गेलेत. त्या सभागृहात स्वतःची चाकांची खुर्ची असलेली ती एकटीच.

"मी पुढे जायला मागत होते," ती म्हणाली. "मला मागे भिंतीला लावून ठेवलं. म्हणाले, पुढे जागा नाही. मी तिथून प्रत्येकाला उठताना पाहिलं. मला वाटलं, माझाच विश्वास कमी पडला."

मला एकाएकी रडू आलं. माझी साक्ष तिथेच संपली.

उमेदवार उठला. "श्रद्धेची थट्टा चाललीय ही! या शहरात आपण आधीच थोडे आहोत, आपल्यातच फूट पाडणार?"

भाऊ पुढे आला. "मत ज्याचं त्याने हवं त्याला द्यावं. पण प्रभूच्या नावाने खोटं बोलायचं नाही, असं मी इथून शिकवतो. शहर आपल्या हातात येणार असेल तरीही नाही."

उमेदवार बाहेर पडला. त्याच्यामागे काही घरं गेली, शिंपीसुद्धा. जाताना तो मला म्हणाला, "पण बाई, त्या क्षणी मला खरंच बरं वाटलं होतं हो." वाटलंच असेल. इतकी माणसं आपल्या नावाने ओरडली तर कोणालाही बरं वाटेल. पण बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. ते तपासावं लागतं, दुसऱ्या दिवशी, ढोल थांबल्यावर. आणि जो तपासू देत नाही, त्याच्या चमत्कारापुढे हात जोडू नका, मग तो कोणाचंही नाव घेऊन आलेला असो.

भाऊ पेल्यात पाणी घेऊन कोपऱ्यात गेला. दुसऱ्या हातात नवी गोळी होती.

भाचीने गोळीकडे पाहिलं. "बाबा, मग देवाने मला बरं केलंच नाही?"

सगळ्या मंडळीसमोर पाळकाला हे बोलणं किती जड गेलं असेल, ते त्यालाच माहीत. "नाही केलं, बाळा," तो म्हणाला. "का नाही, ते मला सांगता येत नाही. तू गोळी घे."

तिने घेतली.