खोट्या रुग्णालयातले अप्पा

राखणदाराने अप्पांना पुन्हा बाहेर काढलं, तसा पैलवानाने कपाळाला हात लावला.

“ताई, यांना काढून टाका. पाया पडतो तुमच्या.”

ताई पडद्याकडे वळली. पडद्यावर लाल चौकोन लुकलुकत होता: अभिलेख विभागातले कारकून अप्पा, पासवर्ड तीनदा चुकला, खातं बंद.

भिंतीलगतच्या कपाटांत एक अख्खं रुग्णालय नांदत होतं. त्यात ना खाट, ना रुग्ण. पण नोंदणीची खिडकी, औषधांचं कोठार, शस्त्रक्रियागृहाची वीज, या सगळ्यांचे संगणक खऱ्या रुग्णालयासारखे चालत. कामावर येणारी माणसंही खोटी, म्हणजे छोटे छोटे प्रोग्रॅम. त्यातली परिचारिका आलेलं प्रत्येक पत्र उघडून बघे, डॉक्टर घाईत खातं उघडंच टाकून जाई. या सगळ्यांवर नजर ठेवून घुसखोराला हुडकायला शिकणारा प्रोग्रॅम म्हणजे राखणदार. ताईचं पोरच म्हणा.

आणि खोटे अप्पा घडवले होते ताईने आपल्या वडिलांवरून. खऱ्या अप्पांनी एका रुग्णालयात जन्मभर कागद सांभाळले होते. ते एका बोटाने टंकायचे, अर्ध्यात अक्षर शोधत थांबायचे, आणि पासवर्ड पहिल्या फटक्यात बरोबर आला असं कधी घडलंच नाही. ताईने शेजारी बसून त्यांच्या सगळ्या चुका जशाच्या तशा उतरवून घेतल्या होत्या.

“घोडामैदान जवळ आलंय,” पैलवान म्हणाला. फुंकर मारली तर उडेल अशी त्याची अंगकाठी, म्हणून हे नाव. “जेवणानंतर चाचणी. घुसखोर विजेपर्यंत पोचला तर आपण हरलो. एकाही कर्मचाऱ्याला उगाच बाहेर काढलं तरी हरलो. अप्पा नसले तर बाकी सगळं चोख आहे.”

“खऱ्या रुग्णालयात अप्पा नसतात का?”

“असतात हो. पण आजचा दिवस नसले तर काय बिघडलं?”

ताईने खुर्ची पुढे ओढली. तीन चुका झाल्या की बाहेर, हा नियम पैलवानाने खबरदारी म्हणून वरून बसवला होता. राखणदार आतल्या आत काय शिकलाय, ते त्या नियमामुळे दिसतच नव्हतं. तिने तो नियम काढून टाकला.

पैलवान उठून उभाच राहिला. “अहो, चोराला मोकळं रान दिलंत.”

“किती चुका होतात ते त्याने मोजू नये. कशा होतात ते बघावं. एवढे महिने तेच शिकवलंय त्याला.”

“आणि नसेल शिकला तर?”

“तर सगळं बासनात गुंडाळायचं,” ताई म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण डावा पाय टेबलाखाली एकसारखा हलत होता.

दुपारी खऱ्या रुग्णालयाचे अधीक्षक आले आणि हाताची घडी घालून मागे बसले. राखणदार आपल्याकडे घ्यायचा की नाही, हे ते आज ठरवणार होते. काचेपलीकडच्या खोलीत चाचणीपुरती घुसखोर बनणारी हल्लेखोरांची तुकडी जमली. त्यांच्या प्रमुख बाई केस पिकलेल्या, नजर सुईसारखी. कुणाच्याही कामात खोट काढल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. अख्खी प्रयोगशाळा त्यांना पाठीमागे सासूबाई म्हणे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

चाचणी सुरू झाली. आधी नोंदणीच्या खिडकीवर धडका बसल्या. राखणदाराने त्या झेलल्या. मग औषधकोठाराच्या मागच्या वाटेने कुणीतरी आत डोकावलं, आणि ती वाट मिटली. पैलवान खुर्चीच्या टोकावर आला.

“ताई, काय खेळतोय बघा आपला गडी.”

“दृष्ट लावू नकोस.”

एवढ्यात अप्पांना एक पत्र आलं: तुमचा पासवर्ड संपत आला आहे, इथे भरून नवा करून घ्या. पत्र सासूबाईंचं. अप्पांनी ते आज्ञाधारकपणे उघडलं आणि एका बोटाने पासवर्ड भरला. चुकला. पुन्हा भरला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर. काचेपलीकडे सासूबाई मान मागे टाकून हसल्या.

“गेला,” पैलवान पुटपुटला. “पासवर्ड गेला.”

पुढच्याच क्षणी अप्पांचं खातं उघडलं. सरळ, एका दमात, एकही अक्षर न अडखळता. तिथून कुणीतरी शस्त्रक्रियागृहाच्या विजेकडे निघालं. एक दार, दुसरं दार. मागे अधीक्षकांची खुर्ची करकरली.

तिसऱ्या दाराशी सगळं थांबलं. राखणदाराने पडद्यावर एक ओळ टाकली: खातं अप्पांचं, माणूस वेगळा.

चाचणी संपलेली नव्हती. थोड्या वेळाने खोटे अप्पा नेहमीसारखे कामावर आले. पासवर्ड चुकला. दुसऱ्यांदा चुकला. अक्षर शोधत थांबले. तिसऱ्यांदाही चुकला. पैलवानाने डोळे मिटून घेतले. चौथ्यांदा बरोबर आला, आणि राखणदाराने त्यांना आत घेतलं.

पैलवानाने ताईचे दोन्ही हात धरून इतके हलवले की तिचा चष्मा नाकावरून घसरला. अधीक्षक उठून पडद्याजवळ आले.

“माझी निम्मी माणसं अशीच आहेत,” ते म्हणाले. “पुढच्या आठवड्यात आणा हा आमच्याकडे.”

मधलं दार ढकलून सासूबाई आत आल्या.

“पोरी, माझ्या हातात तीन पासवर्ड आले होते. दोन चुकीचे म्हणून फेकून दिले आणि बरोबरचा घेऊन आले. त्याने ओळखलं ते त्यावरूनच ना?”

“त्यावरूनच.”

“चांगलं शिकवलंयस,” सासूबाई म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेलं माणूस त्या इमारतीत दुसरं नव्हतं.

ताई जिन्यात आली आणि घरी फोन लावला.

“अप्पा, जमलं आपलं.”

“मी होतो ना त्यात?”

“तुमच्यामुळेच तर जमलं. एकीने तुमचा पासवर्ड चोरला, पण तुमच्यासारखं चुकता येईना तिला.”

अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“आणि मला? मला येऊ दिलं आत?”

“दिलं ना. तीनदा चुकलात, तरी दिलं.”

पलीकडे अप्पांनी पाण्याचा घोट घेतला.

“आमच्या वेळी नव्हतं गं असं,” अप्पा म्हणाले. “रोज सकाळी माझं खातं बंद व्हायचं. मग वरच्या मजल्यावर जायचं आणि संगणक सांभाळणाऱ्या त्या मुलाला सांगायचं, बाबा रे, उघडून दे. तो सगळ्यांदेखत विचारायचा, आज पण का काका? मग सगळे हसायचे. एक दिवस म्हटलं, पुरे झालं. दिला राजीनामा.”

“राजीनामा तर तुम्ही गुडघे दुखतात म्हणून दिलात ना?”

“गुडघ्यांना काय धाड भरलीय? तुझ्या आईला काहीतरी सांगायला हवं होतं.”

ते पुन्हा हसले. ताईला या वेळी हसू आलं नाही.

जिन्याचं दार उघडून पैलवानाने डोकं आत घातलं. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

“ताई, चला लवकर. सासूबाई म्हणतायत दुसरी फेरी घेऊ. या वेळी त्या चुकत चुकत येणार आहेत.”

ताईने मागे न बघता ‘थांब’ म्हणून एक हात वर केला आणि पायरीवर बसली.

“अप्पा,” ती म्हणाली, “तो मुलगा आणखी काय काय म्हणायचा?”