नदीचा मांगूर

माझं तोंड फाटकं हाय, आधीच सांगते. मासं इकणाऱ्या बाईचं तोंड गोड आसून चालत न्हाई. मिरजेच्या बाजारात माझ्याम्होरं कुणी घासाघीस केली तर मी डाक्टरीणबाईलाबी सोडत न्हाई. पण अठ्ठ्याण्णव सालच्या एक मेच्या ग्रामसभेत माझी जीभ टाळ्याला चिकटली. ते सांगते.

आमचं गाव कृष्णाकाठचं. आमी भोई. माझा नवरा अर्जुना नदीत जाळं टाकतो, मी मासं घेऊन बाजारात बसते. मिरजेत दवाखानं लय, म्हणून मांगूर लय खपतो. आपरेशन झाल्यालं माणूस आसू दे न्हाईतर बाळंतीण, ताकद यायला नदीच्या मांगुराचा रस्सा पाजत्यात. ह्यो मिशीवाला मासा घमेल्यात दिवसभर जिता राहतो. गिऱ्हाईक वाकून बघतं आन् इचारतं, "सुलाबाई, नदीचाच नव्हं?" मी म्हणते, "मग काय आभाळातनं पडला व्हय?" तेवढ्यावर मासा पिशवीत जातो. तीस वर्सं लोकांनी माझ्या तोंडच्या शब्दावर मासा नेला.

मग हिंदुराव सुभेदारानं तळी काढली. फौजेतनं रिटायर होऊन आला तवा त्याचं चार एकर रान उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झाल्यालं. पांढरंफटक, कुसळ उगवंना. त्यात त्यानं तळी खांदली आन् बाहेरनं मांगुराची पिल्लं आणून सोडली. दिसायला आपल्या मांगुरासारखीच, पण जात बाहेरदेशची, हावरट. पोल्ट्रीतल्या मेल्याल्या कोंबड्या टाकल्या की पाणी नुसतं खळबळायचं. तळ्यातलं काळं पाणी चरीनं नदीला सोडायचा, आन् चरीच्या कडंलाच बुद्धवाड्याची हीर. त्यातच एका पावसाळ्यात बांध फुटला आन् ही हावरी जात नदीत घुसली. तवापासनं अर्जुनाच्या जाळ्यात देशी मांगूर कवातरीच गावायचा.

बुद्धवाड्यातली बनाबाई माझी जिवाभावाची. मी सून होऊन आले तवापासनं तिला बनाक्का म्हणते. तिचा लेक प्रबुद्ध आमच्या गावच्या शाळंत गुरुजी हाय. संक्रांतीच्या सुमाराला बनाक्काचं मिरजेत पोटाचं आपरेशन झालं. घरी आणली तवा नुसता सापळा. मी दर बुधवारी तिला मांगूर नेऊन द्यायची. पहिले दोन बुधवार नदीचा दिला. तिसऱ्या बुधवारी अर्जुना रिकामं जाळं खांद्यावर टाकून आला.

मला न्हाई म्हणायला काय झालं व्हतं? पण बनाक्का उशीला टेकून दाराकडं डोळं लावून बसल्याली आसणार, ते मला घरातनं दिसत व्हतं. मी सुभेदाराच्या तळ्यावर गेले. त्यानं एक मांगूर काढून दिला, "बनाबाईला नदीचा म्हणून देणार व्हय?" म्हणून वर हसलाबी. बनाक्कानं इचारलं, "आणलास व्हय गं नदीचा?"

मी म्हणले, "व्हय."

एकदा म्हणले ते उन्हाळाभर म्हणत गेले. घरी येऊन भांडी आपटायची, अर्जुनावर खेकसायची. त्या बाईला मी मेल्याल्या कोंबड्यांवर वाढल्याला मासा नदीचा म्हणून खाऊ घालतीया, ह्याची लाज मला जेवताना लय वाटायची.

एक मेला सभा शाळंच्या पटांगणात भरली. सुभेदाराला आणखी दहा तळ्यांसाठी नदीकाठचं गायरान पायजे व्हतं. प्रबुद्ध गुरुजी उठला. "घाण पाण्यानं आमची विहीर नासली. उद्या पूर आला तर हाच मासा उरलीसुरली नदी खाऊन टाकील. मग नदीत काय राहणार?"

सुभेदार म्हणाला, "आवं गुरुजी, नदीत आता तरी काय हाय? भोयांनी जाळी टाकून टाकून ती कवाच मोकळी केली. माझ्या मिठाच्या रानात गवत येत न्हवतं, तिथं मासा येतोय. गरिबाला सस्त्यात मिळतोय. मांगूर त्यो मांगूर. फरक काय?"

"फरक सुलामावशी सांगतील," गुरुजी म्हणाला. आठ दिवसांत अर्जुनाला एकच देशी मांगूर गावला व्हता, त्यो गुरुजीनं साक्षीला बादलीतनं आणल्याला. म्होरं बायकांत बनाक्का बसली व्हती, काठी मांडीवर घेऊन. माझ्याकडं बघून हसली.

सुभेदारानं तळ्यावरनं आपला एक मागवला. "मापात सारखंच हायत. बाईचं डोळं बांधा. बिनडोळ्यांनी वळखू दे, म्हंजी मानतो." त्यानंच आपल्या रुमालानं माझं डोळं बांधलं. गाठ मारताना कानाशी म्हणाला, "सुले, वळखू येत न्हाई म्हण. तुझंबी झाकंल, माझंबी."

अंधारात मी दोन्ही बादल्यांत हात घातला. मांगुराच्या डोक्यामागं आंगठा फिरवायचा आसतो. देशीचं हाड एका टोकात संपतं, बाहेरच्याचं दोन खाचा पाडून. माझ्या सासूनं मला देशीचं हाड दावल्यालं. बाहेरच्याचं मी उन्हाळाभर चोरून चोरून शिकले व्हते. आंगठा लागला आन् कळालं. न्हाई म्हणले आसते तर तीस वर्सांचं नाव राहिलं आसतं. पण बुद्धवाड्याची हीर माझ्या एका शब्दावर बुडणार व्हती. आन् त्या हिरीचं पाणी बनाक्काच पीत व्हती.

"उजव्या हातातला नदीचा," मी म्हणले. "डावा तळ्याचा."

रुमाल सुटला. लोकांनी टाळ्या पिटल्या. गुरुजीचं तोंड फुलून आलं. सुभेदार मोठ्यांदा म्हणाला, "वा! मग सुलाबाई, उन्हाळाभर बनाबाईला माझ्या तळ्याचा मांगूर नदीचा म्हणून दिलास, तवा ह्यो आंगठा कुठं व्हता?"

सगळं पटांगण माझ्याकडं बघाय लागलं. मी फक्त बनाक्काकडं बघत व्हते. जीभ उचलंना. शेवटी म्हणले, "व्हय. दिला."

सुभेदारानं मग सोडलं न्हाई. "बघा! माझा मासा खाऊन बनाबाई काठी टेकत सभंला आली. आन् ही खोटारडी बाई आपल्याला फरक सांगणार!" लोक हसलं. हात वर झालं. गायरान गेलं. गुरुजी बादली तिथंच टाकून आईला धरून घेऊन गेला. माझ्याकडं त्यानं बघितलंबी न्हाई.

बुधवारी मी बुद्धवाड्यात गेले न्हाई. कुठल्या तोंडानं जायाचं? दिवस वर आल्यावर बनाक्काच माझ्या दारात आली.

"आत ये, आक्का."

आत आली न्हाई. दारातल्या घमेल्यापाशी उकिडवी बसली. घमेल्यात अर्जुनानं सभंतनं उचलून आणल्याला देशी मांगूर व्हता, आन् सकाळीच नदीत गावल्याला एक बाहेरचा.

"दाव," ती म्हणाली. "आंगठा कुठं लावायचा?"

मी तिचा हात धरला. वाळल्याला, हलका हात. आधी देशीच्या डोक्यामागं टेकवला, मग बाहेरच्याच्या. तिनं डोळं मिटून तीनदा फिरवून बघितलं.

"कळालं," म्हणाली.

मला रडू फुटलं. "आक्का, चुकले गं मी. ह्यो घेऊन जा. नदीचा हाय, आईशप्पथ."

"तू नगं सांगूस आता," ती म्हणाली. पदराला हात पुसला, काठी घेतली आन् चालाय लागली. मासा तिनं नेला न्हाई.

पुढच्या बाजाराला बुद्धवाड्यातल्या पाच-सहा बायका माझ्यापाशी आल्या. बनाक्का त्यांच्यात न्हवती. एकेकीनं वाकून घमेल्यात हात घातला, मांगुराच्या डोक्यामागं आंगठा फिरवला आन् उठून गेली. नदीचाच नव्हं, आसं मला एकीनंबी इचारलं न्हाई.