तिसऱ्या क्रमांकाचा टोणगा

सतरापैकी चौदा सामने हरायचे म्हणजे मेहनत लागते. आमच्या एरी शहराच्या फोर्जमन या अमेरिकन फुटबॉल संघाने ती घेतली आणि त्याचं बक्षीस म्हणून ड्राफ्टमध्ये त्यांना तिसरी निवड मिळाली. कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू संघ आळीपाळीने उचलतात. जितकं जास्त हराल तितका नंबर आधी. सगळं शहर टीव्हीपुढे बसलं होतं. वाऱ्यासारखा पळणारा, उड्या मारून चेंडू झेलणारा कुणीतरी हिरो येणार!

आला टाविटा लेआउपेपे. दीडशे किलोचा, समोआ बेटांवरचा गडी. काम एकच, चेंडू फेकणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकच्या पुढ्यात उभं राहायचं आणि त्याच्या अंगावर धावून येणाऱ्याला अडवायचं. अख्ख्या मोसमात चेंडूला हात लागला तर लागला.

त्याच संध्याकाळी हार्लन गेस्को रेडिओवर गरजला, "तिसऱ्या नंबरवर टोणगा आणलाय, टोणगा! नापास!" हार्लन पूर्वी विमा विकायचा. आता मतं विकतो, गिऱ्हाईक तेच. दुसऱ्या वर्षी संघ दहा सामने जिंकला, तेव्हा हाच हार्लन म्हणाला, "पोरात दम आहे हे मी तेव्हाच ओळखलं होतं." तिसऱ्या वर्षी बाद फेरीत बर्फात हरलो आणि टोणगा पुन्हा नापास झाला.

मी लोरेन. इथल्या स्लोव्हाक लोकांच्या क्लबात एकवीस वर्षं बारमागे उभी आहे. मार्चमध्ये, ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासांत, शुक्रवारी आमच्याकडे तळलेले मासे असतात आणि हॉल भरतो. हार्लनने तोच दिवस गाठला. "तीन वर्षं झाली. निवड सार्थकी लागली की वाया गेली, जनता ठरवेल!" तो मोठा तक्ता घेऊन आला. तक्त्यावर टाविटाच्या नावापुढे भोपळे होते. धावा शून्य, झेल शून्य, गुण शून्य.

टाविटाच्या बाजूने एकटी बर्निस हुडाक उभी राहिली. शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलेली बाई. तिने तीन वर्षांचे सगळे सामने पुन्हा लावून पाहिले होते.

"त्याच्या अंगावरून जाऊन आपल्या क्वार्टरबॅकला किती जणांनी पाडलं? तीन वर्षांत चौघांनी," ती म्हणाली. "फक्त चौघांनी."

"बर्निसबाई, आकडे बघायला कुणी तिकीट काढतं का हो?"

"तू कधी काढलंस? तुला तर फुकट पास मिळतो."

हॉल हसला. हार्लनचे कान लाल झाले. कुणीतरी आपल्या बाजूचा हवा म्हणून त्याने नजर फिरवली. कोपऱ्यात लोकरी टोपी घातलेला एक दांडगा माणूस माशांची दुसरी प्लेट संपवत होता.

"ए पैलवान! काय काम करतोस तू?"

"अडवाअडवीचं."

"सिक्युरिटीत आहेस होय?"

"तसंच काहीतरी."

"बघा लोकहो, हा कष्टाचा माणूस! सांग गड्या, तिसऱ्या नंबरवर तू हा टोणगा घेतला असतास?"

त्याने घास गिळला. "मी? छे. मी पळणारा घेतला असता. लोकांना बघायला काहीतरी नको का?"

टाळ्या पडल्या. हात वर झाले, मोजायला मी होते. वाया गेला म्हणणारे एकतीस, सार्थकी लागला म्हणणारे तीस. एकतिसावा हात त्या कोपऱ्यातला होता. त्याची दोन बोटं मोडून भलतीकडेच वळली होती. हेल्मेटवाल्यांपुढे तीन वर्षं पंजे रोवून उभं राहिल्यावर अशी बोटं होतात. तीन वर्षं दर रविवारी ज्याला शिव्या घातल्या, तो समोर बसून मासे खात होता आणि साठ माणसांतल्या एकालाही त्याचा चेहरा ठाऊक नव्हता.

मी ॲपल पायची प्लेट घेऊन त्याच्याकडे गेले. हळूच म्हटलं, "स्वतःच्याच विरोधात मत?"

तो दचकला, मग हसला. "ओळखलंत होय? बोलू नका हं. वाद घातला असता तर मासे गार झाले असते." काट्याने एक तुकडा तोडत म्हणाला, "पहिल्या वर्षी आई रोज रेडिओ लावायची. एकदा तिने शेजारणीला विचारलं, टोणगा म्हणजे चांगलं असतं ना?"

तेवढ्यात बर्निस तणतणत आली.

"तुमच्यासारख्या धडधाकट माणसाला तरी अक्कल असेल वाटलं होतं! एक सामना तरी नीट पाहिलाय का तुम्ही?"

तो उठून उभा राहिला. "नाही बाई. मला कायम समोरचा एकच माणूस दिसतो."

"मग बसा!" तिने कागदी रुमालावर पेनाने आकृती काढली आणि अर्धा तास टाविटाला टाविटा समजावून सांगितला. "आणि हे चार झाले ना, तेही टळले असते. उजवा पाय अर्धं पाऊल मागे हवा होता. पण त्याला सांगणार कोण?"

"कुणीच सांगितलं नाही," तो म्हणाला. रुमालाची घडी करून त्याने खिशात घातली आणि तिला वाकून "थँक यू, मॅडम" म्हणाला.

संघाच्या मालकांना मैदानापेक्षा रेडिओ जास्त ऐकू येतो. एप्रिलमध्ये त्यांनी टाविटाला पश्चिमेकडच्या एका संघाला देऊन टाकलं आणि बदल्यात एक पळणारा आणला. तेव्हा मी बर्निसला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "मी त्याची अक्कल काढली गं." सप्टेंबरमध्ये नवा मोसम सुरू झाला आणि टीव्हीवर त्याचा सामना बघताबघता तिचा फोन आला, "लोरेन, पाय मागे ठेवलाय बघ त्याने!"

इकडे पळणारा पळायला तयार होता. पण त्याच्याकडे चेंडू फेकायला क्वार्टरबॅक उभा तर राहायला हवा. सातव्या सामन्यात क्वार्टरबॅकचं गळ्याजवळचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी हार्लन रेडिओवर म्हणाला, "मी पहिल्यापासून सांगत होतो, आपली भिंत विकू नका."

बर्निसने लगेच त्याच्या कार्यक्रमात फोन लावला. "हार्लन, मतदान कुणी घेतलं होतं रे?"

"लाइनमध्ये खरखर आहे," हार्लन म्हणाला आणि त्याने गाणं लावलं.

आता हार्लनला त्या पळणाऱ्यावर मतदान घ्यायचं आहे. हॉल मागायला परवा आला होता. क्लबच्या कमिटीने हो म्हटलं. मासे चांगले खपतात म्हणे.