मेहविशचे तारे

"फुकट ते पौष्टिक," असं म्हणत माझ्या मुलानं, फैजाननं, त्याचा जुना फोन माझ्या हातात ठेवला. आत लहान मुलांना अक्षरं, आकडे आणि रंग शिकवणारं एक अ‍ॅप होतं. पैसा लागत नाही, नेट असलं की झालं. अक्षरावरून बोट फिरवायचं. बरोबर आलं की एक खारूताई उड्या मारत ओरडते, "शाब्बास मेहविश!" आणि एक तारा मिळतो.

"रोज अर्धा तास बसवा तिला, अब्बा," तो म्हणाला. "मी आठ वाजता फोन करून विचारीन."

मेहविश ही त्याची मुलगी, चार वर्षांची. फैजान आणि सूनबाई मन्तशा बावधनला राहतात, दोघंही नोकरीला. पोर दीड वर्षाची झाल्यापासून पौडला आमच्याकडं, म्हणजे माझ्या बायकोकडं. माझी बायको गुलशन गेल्या पावसाळ्यात वारली. तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला फैजान म्हणाला, पोरीला आता घेऊन जातो, तुम्हाला एकट्याला झेपायचं नाही. मी म्हणालो, शाळेत जाईपर्यंत राहू दे. तो म्हणाला, बघू, अभ्यास झाला पाहिजे.

त्या 'बघू'वर मी जगत होतो. यात लाज कसली? पोर गेली असती तर घरात भांडं पडल्याचा आवाजसुद्धा मीच करायचा होता.

पण मेहविशला त्या फोनशी काही देणंघेणं नव्हतं. सकाळी अंगणवाडी, आणि तिथून आली की शेजारच्या आशालताबाईंच्या शेळीची करडं. आमच्यात आजोबाला दादा म्हणतात. अभ्यासाला बस म्हटलं की ती म्हणायची, "दादा, तूच कर. मला न्हाई येत." दटावलं की डोळ्यांत पाणी. रडणारं पोर मला बघवत नाही.

पहिल्या दिवशी आठ वाजता फोन आला. "किती तारे?"

"एक बी न्हाई."

फैजान म्हणाला, "असंच चाललं तर मला विचार करावा लागंल, अब्बा."

दुसऱ्या दिवशी ती करडांमागं पळाली आणि मी फोन घेऊन ओट्यावर बसलो. 'अ'वरून बोट फिरवलं. खार ओरडली, "शाब्बास मेहविश!" रात्रीच्या फोनला मी सात तारे सांगितले.

चाळीस वर्षं मी एसटी स्टँडसमोर घड्याळं दुरुस्त केली. तांदळाच्या कणीएवढा स्क्रू चिमट्यानं बसवायचो. दोन वर्षांपूर्वी हात कापायला लागला आणि दुकानाला कुलूप लागलं. त्या कापऱ्या हातानं काढलेलं अक्षर हुबेहूब पोरानं काढल्यासारखं वाकडंतिकडं यायचं, म्हणून कुणाला शंका आली नाही. फैजान आणि मन्तशा महिन्यातून दोनदा यायचे, तेव्हा मी आधीच सांगून टाकायचो, "आज तिला सुट्टी हाय अभ्यासाची."

आणि मला त्याची गोडी लागली. मेहविश अंगणवाडीत गेली की घर खायला उठायचं. गुलशन होती तेव्हा दिवसभर माझ्यावर करवादायची. ती गेल्यावर आपणहून माझ्याशी बोलणारं मोठं माणूस घरात उरलं नव्हतं. आता ती खार बोलायची. नाव मेहविशचं घ्यायची, पण शाब्बासकी माझीच होती ना! अक्षर गिरवून किंवा चित्र काढून, रंगवून झालं की खाली 'घरच्यांना पाठवा' असं बटण यायचं. दाबलं की ते मन्तशाच्या फोनवर जायचं. मी तेही दाबायचो.

तीन महिन्यांत चारशेवर तारे झाले. बाराखडी संपली, मी जोडाक्षरांना हात घातला. कुठं थांबावं हे मला कळलंच नाही.

मग एका शुक्रवारी फैजानचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "अब्बा, चार वर्षांची पोर जोडाक्षरं लिहितीया! मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. एवढी हुशार पोरगी पौडला ठेवून वाया घालवायची का? हितं एका चांगल्या शाळेनं सोमवारी बोलावलंय. रविवारी तिला घेऊन या. सगळे कपडे पण आणा."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. तिला जवळ ठेवायला म्हणून तारे कमावले, आणि त्याच ताऱ्यांनी तिला उचललं. शनिवारभर मला अन्न गोड लागलं नाही. शेवटी ठरवलं, खरं सांगून टाकायचं. फैजान भडकेल तर भडकू दे. पोरीला 'अ'सुद्धा येत नाही हे कळलं की शाळेची घाई सुटेल, आणि संध्याकाळच्या गाडीनं आम्ही दोघं परत येऊ. म्हणून कपड्यांची पिशवी मी भरलीच नाही. एक फ्रॉक घेतला, बस्स.

बावधनला त्यांचं घर अकराव्या मजल्यावर आहे. मन्तशानं दार उघडून लेकीला उचलून घेतलं. मेहविश तिच्या कडेवर ताठ बसली, पाहुण्यांनी घेतल्यावर बसते तशी, आणि माझ्याकडं हात करायला लागली. मला त्याचा आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि तांब्या हातातच राहिला. फ्रिजचं दार कागदांनी भरलं होतं. माझा 'अ', माझं घर, माझी होडी, माझा पिवळा आंबा. प्रत्येकाखाली बारीक अक्षरात तारीख.

"ऑफिसच्या प्रिंटरवर काढते, अब्बा, कुणी बघत नसलं की," मन्तशा मागून म्हणाली. "संध्याकाळी घरी येते तेव्हा कुणीच नसतं. मग इथं उभी राहते आणि तिचं बोट जसं फिरलंय तसं माझं फिरवते. तेवढाच तिचा हात धरल्यासारखं वाटतं."

एकटं पडणं काय असतं ते मलाच ठाऊक, अशा गुर्मीत मी होतो. आणि इथं ही पोरगी रोज एका म्हाताऱ्याच्या कापऱ्या रेघांना आपली लेक समजून हात लावत होती. सांगायचं ठरवून आलो होतो, पण तोंड उघडेना.

तोंड उघडलं मेहविशनं. "हे दादानं काढलंय," ती कागदावर बोट ठेवून म्हणाली. "हे पण दादानं. मी करडांशी खेळत व्हते."

फैजान हसला. मग माझा चेहरा बघून थांबला. "अब्बा?"

"खरं हाय," मी म्हणालो. "तिला अ बी येत न्हाई. तू तिला नेशील म्हणून मी केलं."

फैजान खुर्चीवर बसला. मन्तशा कागदांकडंच बघत होती. "सगळी?" तिनं विचारलं.

"आंबा तिचा हाय," मी म्हणालो. "तेवढा तिनं काढला."

तोही माझाच होता.

मन्तशानं एकेक कागद सोडवून ओट्यावर ठेवला. आंबा राहू दिला. तोवर फैजानचा आवाज चढला होता. "शाळेत आता काय सांगू मी? जाऊ दे. राहू दे तिला अजून वर्षभर पौडला. संध्याकाळी घेऊन जावा."

हेच ऐकायला मी आलो होतो. न मागता मिळालं होतं. मी नुसतं 'बरं' म्हणायचं, एवढंच काम होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "हितंच राहू दे. शाळा नसली तर नसली. आईच्या कडंवर पोर अजून पाहुण्यावानी बसती. बाकीचे कपडे बुधवारी आणून देतो."

बोलता बोलता रडू आलं. मी ते लपवलं नाही.

मन्तशानं मेहविशला मांडीवर घेतलं, पुढ्यात कोरा कागद आणि पिवळा खडू ठेवला. "मला एक आंबा काढून दे," ती म्हणाली. "त्या फ्रिजवरच्यासारखा."

"मला आंबा येत न्हाई," मेहविश म्हणाली. "दादाला येतो."

मन्तशानं मान वर केली. आधी फ्रिजकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी चपला शोधायला लागलो. ती उठली नाही, फ्रिजवरचा तो कागदही तिनं उतरवला नाही. खडू धरलेला लेकीचा हात तिनं आपल्या हातात घेतला आणि दोघी मिळून गोल काढायला लागल्या. मी दार बाहेरून ओढून घेतलं.