टुक वाजलं नाही

मी श्रीदेवीच्या डोक्यावरचा कॅमेरा बोलतोय. आता डोक्यावर नाही म्हणा. सास्तुरात तिच्या आईच्या घरी, ओसरीतल्या फळीवर बसलोय. एका बाजूला विभूतीची डबी, दुसऱ्या बाजूला सेल संपलेला टॉर्च. त्याची आणि माझी गत एकच.

फुशारकी मारत नाही, पण मी कधी बंद पडलो नव्हतो. म्हणून तर निवडला गेलो! सोलापुरात कल्याणप्पांच्या दुकानात काचेच्या कपाटात आम्ही सात-आठ जण होतो. एक दिवस श्रीदेवी आली. तिला नोकरी लागली होती ती जगावेगळी. हौशी माणसाला प्रशिक्षकाच्या छातीशी पट्ट्यांनी बांधतात आणि दोघं मिळून विमानातून उडी मारतात. श्रीदेवीनं त्यांच्यासमोर पडत पडत शूटिंग करायचं, कॅमेरा हेल्मेटवर लावून.

कल्याणप्पांनी आधी माझ्या शेजारचा महागडा कॅमेरा काढला. त्याचा पडदा बाहेर उघडायचा, त्याचा त्याला कोण तोरा! श्रीदेवी म्हणाली, "नको. याला हवाई छत्रीची दोरी अडकली तर मी खाली यायची ती तशीच."

मग तिनं हातमोजे घातले, डोळे मिटले आणि एकेकाचं बटण दाबून बघितलं. डोक्यावरचा कॅमेरा दिसत नाही, तो चालू झाला की नाही हे आवाजावरूनच कळणार. माझं टुक खणखणीत वाजलं. तरी तिचं समाधान होईना. दहा हजार फुटांवर गारठा असतो म्हणून आवाजात पास झालेल्या आम्हा तिघांना तिनं शेजारच्या कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवायला लावलं.

"ताई, कॅमेरा घेताय का कुल्फी करताय?" कल्याणप्पा म्हणाले.

"काका, दिसायला कसाही असू द्या. वर गेल्यावर दगा द्यायला नको."

अर्ध्या तासानं ते दोघे गार पडले. मी टुक केलं. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस.

पुढची सात वर्षं आम्ही उत्तरेकडं एका लांबच्या धावपट्टीवर होतो. विमानाचं दार उघडायचं, वारा कानफटात मारायचा, श्रीदेवी बटण दाबायची आणि टुक. मग अर्धं मिनिट नुसतं पडायचं. त्या अर्ध्या मिनिटात मी माणसं पाहिली. जमिनीवर मोठ्या बाता मारणारे आईच्या नावानं ओरडायचे. गप्प बसणाऱ्या बाया मोठमोठ्यानं हसायच्या. खाली उतरलं की सगळे आपला व्हिडिओ मागायचे आणि निघून जायचे. शूटिंग करणारीला कुणी नाव विचारायचं नाही.

मला एकच खंत होती. मी तिच्या डोक्यावर, त्यामुळं तिचं तोंड मला कधी दिसायचं नाही. हेल्मेट काढायच्या आधीच ती मला काढून पिशवीत ठेवायची. जिच्यासोबत जन्म काढला ती कशी हसते, हे मला माहीत नव्हतं. लई एकटं वाटायचं.

तिची आई शरणम्मा. वडील महांतप्पा वारले तेव्हापासून घरात एकटीच. लेक 'कंपनीत' आहे एवढंच तिला ठाऊक होतं. कुणीतरी गावात खरं सांगितलं आणि तिनं फोनवर बोलणंच सोडलं. सहा महिने श्रीदेवी फोन करायची, पलीकडं नुसता श्वास. शेवटी रजा काढून ती मला घेऊन सास्तूरला आली.

शरणम्मानं जेवायला वाढलं आणि सरळ सांगितलं, "तू तिथं वर कशी असतीस ते मला दाव. दिसलीस तर जा. न्हायतर हितंच ऱ्हा."

श्रीदेवीनं टीव्हीला वायर जोडली. माझ्या पोटातली माणसं एकामागून एक पडायला लागली. तासभर झाला.

"ही परकी माणसं. माझी लेक कुठाय?"

"अव्वा, मी शूटिंग करते. मी कशी दिसणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हजारावर उड्या टिपल्या, पण तिची एकही नाही! तिची नोकरी माझ्यापायी जाणार असं वाटलं.

तेवढ्यात शरणम्मा ओरडली, "थांबीव!"

पडद्यावर एक टक्कल पडलेला गृहस्थ होता. त्याच्या डोळ्यांवर मोठा गॉगल. शरणम्मा उठली, टीव्हीजवळ गेली आणि गॉगलच्या काचेवर बोट ठेवलं. काचेत मुंगीएवढं कुणीतरी हात पसरून तरंगत होतं.

"ही बघ माझी लेक. हात बघ की! घागर उतरवताना असेच करती." मग बराच वेळ बघून म्हणाली, "वर काय हाय?"

"काही नाही."

"छत न्हाय?"

"नाही अव्वा."

"मग जा."

तिला छताचं एवढं का, ते मला तेव्हा कळलं नाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मिळालेलं घर चांगलं भक्कम आहे, पण शरणम्मा त्यात झोपत नाही. बारा महिने तिचं अंथरूण अंगणात. पाऊस आला तर पत्र्याखाली सरकते, एवढंच.

श्रीदेवी परत गेली, पण मला न घेता. तिथं तिला नवा कॅमेरा मिळाला होता. त्याला कुणी फ्रीजरमध्ये घातलं असेल असं वाटत नाही. असो. जाताना तिनं मला आईच्या हातात दिलं. "अव्वा, फोनवर तुला ऐकू येत नाही, तू काही बोलत नाहीस. याच्यासमोर बोल. मी संक्रांतीला आले की बघीन. बटण दाब, टुक वाजलं की बोल." चार्जिंग कसं लावायचं तेही दोनदा दाखवलं. शरणम्मानं मान हलवली.

पहिले चार दिवस झकास गेले. दिवेलागणीला ती डोक्यावरून पदर घेऊन फोटोला बसल्यासारखी ताठ बसायची. तुरीला फुलं आली, शेजारणीच्या सुनेला मुलगा झाला. मी सगळं टिपलं. माझ्यासमोर पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासाठी बसलं होतं!

पाचव्या दिवशी माझी बॅटरी संपली. आणि चार्जिंगची वायर? हरवू नये म्हणून तिनं ती ट्रंकेत, साड्यांच्या खाली जपून ठेवलीय. टुक वाजलं नाही. तिचा एक कान भूकंपात गेला, दुसरा वयानं मंदावला. तिला कुठलं कळायला? ती रोज बटण दाबते आणि रोज बोलते. मला दिसतं, ऐकू येतं, पण साठवता येत नाही. बाई, वाया चाललंय सगळं, असं ओरडून सांगावंसं वाटतं.

परवा तिनं पदर सारखा केला आणि बोलली.

"शिवलीलाबद्दल तू लहानपणी इचारायचीस, म्या उठून जायचे. आज सांगते. तुझी थोरली बहीण, दोन वर्साची हुती. गणपती बुडवून आलो हुतो. तुझे अप्पा म्हनले, उकडतंय, अंगणात निजू. म्याच म्हनले, न्हाय, पोरीला दव लागंल, माळवदाखालीच निजू. म्याच म्हनले, श्रीदेवी. पहाटं ते दगडमातीचं माळवद अंगावर आलं. मला काढलं. तिला लई येळानं काढलं."

तिनं डोळे पुसले, त्याच पदरानं माझी काच पुसली. "टुक वाजलं हुतं न्हवं रं?"

बत्तीस वर्षं जे ती कुणाला बोलली नाही, ते माझ्यासमोर बोलली. आणि मी बंद होतो.

श्रीदेवी, तू संक्रांतीला येशील. तुला चार दिवस सापडतील, तुरीची फुलं सापडतील, पुढं काहीच नाही. कॅमेऱ्यानं दगा दिला म्हणशील. म्हण. पण मला लगेच चार्जिंगला लावत बसू नकोस. आधी अव्वाच्या बऱ्या कानाशी बस आणि विचार, "काय सांगत होतीस?" ती म्हणेल, "त्यात हाय की सगळं."

तेव्हा तू उठू नकोस.