नव्या रंगावरचा ओरखडा

टॅक्सीवाले काका आपली टॅक्सी भंगारात देणार हे नक्की झालं, त्या दिवशी सासऱ्यांनी आपल्या या जुन्या दोस्ताला गॅरेजातल्या सगळ्या मंडळींसमोर छातीठोकपणे शब्द देऊन टाकला. "गाडी जाईल तिकडे जाऊ दे. तुझ्या घरातल्या कपाटावर मी ती पुन्हा उभी करतो. वीतभर असेल, पण तीच असेल. रंग माझा."

शब्द देण्याच्या भरात ते एक गोष्ट विसरले. जन्मभर गाड्या रंगवलेला त्यांचा उजवा हात हल्ली थरथरायचा. चहाचा कप बशीत ठेवताना असा खडखडाट व्हायचा, की आतल्या खोलीतही कळे, बाबांचा चहा झाला.

म्हणून ते सुनेकडे आले. तळमजल्यावर तिचं नखं रंगवून देण्याचं छोटंसं पार्लर होतं. सुट्टीचा दिवस होता आणि ती बाटल्या पुसत बसली होती.

"सूनबाई, नखांवर फुलं काढायला तू तो पेनाएवढा फवारा वापरतेस ना?"

"हो. का?"

"गाडीवर चालेल?"

"कुठल्या गाडीवर, बाबा?"

सासऱ्यांनी पाठीमागे धरलेला खोका पुढे केला. खेळण्यांच्या दुकानात अगदी वरच्या फळीवर धूळ खात पडलेला. आत पांढऱ्या प्लास्टिकचे सुटे भाग, आणि झाकणावर हुबेहूब काकांच्या टॅक्सीचं चित्र. दुकानदाराकडे हा एकच उरला होता. आणि खरी टॅक्सी न्यायला ट्रक उद्या संध्याकाळी येणार होता.

"तुम्ही शब्द दिलात, आणि रंगवायची मी?"

"शब्द माझा, हात तुझा. घरातल्या घरात काय हिशेब करायचा!"

सुनेनं गाडीचा सांगाडा हातात घेतला आणि तिचे डोळे चमकले. दाराच्या कडा, मुठी, दिव्यांच्या खोबणी, सगळं किती बारीक! इतकी वर्षं ती नखाएवढ्या जागेत रंग भरत आली होती. हे तर मैदानच होतं.

उत्साहाच्या भरात तिनं तिथेच माती खाल्ली. नखाला रंग धरावा म्हणून आधी ते ॲसिटोननं पुसायचं, तेलकटपणा गेला पाहिजे, ही तिच्या हाताला लागलेली सवय. कापसाचा बोळा भिजवून तिनं बॉनेट पुसलं. बोळा सरकेना. तिनं अंगठ्यानं दाबलं, तर अंगठा चिकटला.

"बाबा! वितळतंय!"

"काय वितळतंय?"

"गाडी!"

सासरे धावत आले. बॉनेटवर तिच्या अंगठ्याचा ठसा, रेषांसकट उमटला होता.

"नखांचं औषध प्लास्टिकला पाजलंस होय?" त्यांनी कपाळाला हात लावला. मग चष्मा वर करून नीट पाहिलं, आणि त्यांच्या आवाजात गॅरेजातला जुना मुकादम जागा झाला. "आता हात लावू नकोस. रात्रभर वाळू दे. पोचा आला म्हणून कोणी गाडी फेकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं पार्लरच्या दारावर 'बंद' लिहिलं. ठसा आता कडक झाला होता. नखं गुळगुळीत करायच्या मऊ कानशीनं ती पाणी लावून तो घासत राहिली, आणि सासरे डोळे मिटून बोट फिरवत सांगत राहिले, "इथे अजून आहे. इथे. हां, आता गेला." मग भांडी घासायच्या साबणानं सगळे भाग धुतले, आणि फडक्यानं न पुसता वाऱ्यावर वाळवले.

आता प्राइमर. करडा, पातळ, रंगाला धरून ठेवणारा पहिला थर. सुनेनं फवारा लांब धरून एक हलका हात मारला. प्लास्टिकवर जेमतेम धुकं धरलं.

"एवढ्यानं काय होतंय? मार चांगला ओला! गाडी आहे ती, बाहुली नव्हे."

तिनं मारला. आणखी मारला. तेवढ्यात तिला दिसलं, की दाराभोवतीची केसाएवढी फट रंगानं भरत चालली आहे.

"बाबा, दार बुजतंय!"

"पूस, पूस! नाहीतर माझा दोस्त आत बसेल कसा?"

आता चूक करायची पाळी सासऱ्यांची होती. खऱ्या पत्र्याला चालणारा जाड थर या चिमुकल्या गाडीला गिळून टाकत होता. सुनेनं टाचणीनं फट मोकळी केली आणि ठणकावून सांगितलं, "यापुढे थराचं मी बघणार. तुम्ही फक्त रंगाचं बघा."

"बरं बाईसाहेब," सासरे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी फवाऱ्याच्या बाबतीत कोणाचं ऐकलं असावं.

मग पातळ थर, थांबणं, पुन्हा पातळ थर. आणि हळूहळू गंमत झाली. पांढऱ्या प्लास्टिकचं खेळणंपण निघून गेलं. करड्या रंगात प्रत्येक कड, प्रत्येक वळण उठून आलं. दोघंही टेबलावर वाकून बघत राहिली.

"गाडी झाली की हो ही!" सून म्हणाली.

"रंगायला आलेली गाडी अशीच दिसते," सासरे म्हणाले.

रंग जुळवण्यासाठी दोघं रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या काकांच्या हिरव्या टॅक्सीकडे गेली. सुनेनं गिऱ्हाइकांना छटा दाखवायची प्लास्टिकची खोटी नखं बरोबर घेतली होती, प्रत्येकावर वेगवेगळा हिरवा. एकेक नख ती दाराला लावून बघू लागली.

"दाराला नको लावूस. तो रंग उन्हानं खाल्लाय." सासऱ्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. आत ऊन कधी पोचलंच नव्हतं. तिथे गर्द, ताजा, ओल्या पानासारखा हिरवा चमकत होता. "हा माझा रंग. हा पाहिजे."

पार्लरच्या तीन बाटल्यांतून तो जमला. थेंब थेंब पातळ करून तिनं तो चढवला आणि शेवटी पारदर्शक चकाकी दिली. चाकं बसली, काचा बसल्या. दुपार कलताना टेबलावर एक अशी गाडी उभी होती की सासऱ्यांनी चहा मागितला आणि प्यायचा विसरले.

ट्रक आणि टॅक्सीवाले काका बरोबरच आले. काकांनी गाडी तळहातावर घेतली. उजेडाकडे धरली. उलटीसुलटी केली.

"छान आहे," ते म्हणाले. "फारच छान आहे."

दोनदा 'छान' म्हणणारं गिऱ्हाईक पुन्हा कधी येत नाही, हे सून अनुभवानं जाणून होती.

"काका, खरं सांगा."

"अगं, काम सुंदर आहे. पण..." काका ओशाळले. "कोणाची आहे ही?"

"कोणाची म्हणजे?" सासरे उसळले. "टाकीच्या झाकणाचा रंग जुळवलाय, लेका!"

"मी झाकणाच्या आत बसून टॅक्सी चालवली का? माझ्या गाडीचं मागचं दार आत गेलेलं आहे. ते धरून ओढल्याशिवाय उघडत नाही. आणि बॉनेटवर मुलीनं लहानपणी चावीनं घर काढायला घेतलं होतं. एक भिंत झाली आणि पकडली गेली. तो ओरखडा कुठाय?"

बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. सासऱ्यांचा चेहरा उतरला. दिलेला शब्द डोळ्यांदेखत निसटत होता.

सून आधी भानावर आली. "ट्रकवाल्यांना चहा द्या, काका. थोडा वेळ थांबवा." तिनं ॲसिटोनची बाटली उघडली. काल चुकून केलं ते आज मुद्दाम करायचं होतं. काडीच्या टोकावरचा एक थेंब मागच्या दाराला लागला. रंग सुरकुतला, खालचं प्लास्टिक मऊ पडलं, आणि तिनं बोथट टोकानं हलकेच आत दाबलं. दार आत गेलं. अगदी बाहेरच्या टॅक्सीसारखं.

"तेच!" काका ओरडले. "तेच दार!"

आता बॉनेट. तिनं सुई धरली, मग थांबली. तिचा हात फार सरळ चालायचा. तिला येत होती ती नखावरची देखणी रेघ, लहान मुलीची नव्हे.

"बाबा, हे तुम्ही करा."

"मी? ओरखडा? नव्या रंगावर?" सासऱ्यांनी हात मागे घेतला. "जन्मभर दुसऱ्यांनी पाडलेले ओरखडे बुजवले मी. हाच तेवढा बुजवू दिला नाही यानं. तीनदा गाडी रंगवली, तीनदा म्हणाला, तेवढा राहू दे. मला वाटायचं, याला घाई आहे."

"घाई नव्हती," काका म्हणाले.

सासऱ्यांनी सुई घेतली. हात थरथरत होता. सुनेनं त्यांचं मनगट धरलं नाही, गाडी तेवढी घट्ट धरली. सुई टेकली, करकरली, अडखळली, वाकडी झाली, पुन्हा वर चढली. हिरव्यातून करडी रेघ उमटत गेली, पाच वर्षांच्या पोरीनं चावी मुठीत धरून ओढावी तशी.

काकांनी गाडी पुन्हा तळहातावर घेतली. या वेळी ते 'छान' म्हणाले नाहीत. अंगठा त्या रेघेवरून फिरवत राहिले, आणि मग एकदम हसायला लागले.

"खाली जरा जास्त वाकडी झालीय."

"तिथेच तर पकडली गेली, रडत होती पोरगी," सासरे म्हणाले. "मी होतो की तिथे."

खरी टॅक्सी ट्रकवर चढली. काकांनी एकदाच तिकडे पाहिलं, आणि हातातली टॅक्सी उंच करून तिला दाखवली. ट्रकवाला मात्र खिडकीतून वाकून त्या वीतभर गाडीकडेच बघत होता.

"अहो, माझ्या ट्रकची अशी होईल का?"

सासऱ्यांची छाती फुगली, तोंड उघडलं. सुनेनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"आधी," ते घाईनं म्हणाले, "सूनबाईंना विचारून सांगतो."